कवायतीच्या सरांचा आवाज

माझ्याकडे लोक येतात ते चित्रासाठी, आणि भांडतात आवाजासाठी. जुन्या कॅसेटवरचं लग्न, सहल, वाढदिवस कॉम्प्युटरवर उतरवून देणं हा माझा व्यवसाय. चित्र थोडं फुटलं, एखाद्याच्या गालावर रंगीत चौकटी उमटल्या, तर लोक चालवून घेतात. आवाज मात्र क्षणभर गेला तरी तक्रार घेऊन दारात हजर.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काचेचं दार, मध्ये काउंटर, मागे माझ्या मशिनी. शेजारचा झेरॉक्सवाला मला ‘टेपवाली’ म्हणतो आणि हा धंदा लवकरच बसणार असं गेली कित्येक वर्षं मला तोंडावर ऐकवतो. त्याच्या स्वतःकडे फारसं कोणी फिरकत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या धंद्याची काळजी करायला त्याला सवड असते.

सरांची मुलगी आली तेव्हा मी दुकान उघडून झाडत होते. तिशी ओलांडलेली, बँकेत काम करणारी, गळ्यात ओळखपत्राची पट्टी तशीच. तिने पिशवीतून छोट्या डिजिटल कॅसेटा काढून काउंटरवर एका रांगेत मांडल्या. प्रत्येकीवर ठसठशीत अक्षरांत जागा आणि तारीख, आणि खाली लाल शाईने ‘हात लावू नये’.

“ताई, यात माझ्या बाबांचा आवाज आहे,” ती म्हणाली. “मला तेवढाच हवाय. चित्र नाही मिळालं तरी चालेल.”

मग तिने सगळं सांगितलं. तिचे वडील शाळेत कवायत शिकवायचे. अख्खं गाव नाही तरी अख्खी शाळा त्यांना ‘कवायतीचे सर’ म्हणायची, आणि मैदानाच्या या टोकाला दिलेला हुकूम त्या टोकाच्या मुलाला शिट्टीशिवाय ऐकू जायचा. नऊ वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. तेव्हापासून ते एका पांढऱ्या पाटीवर पेनाने लिहून बोलतात.

“आणि पाटीवर लिहीपर्यंत लोक पुढे निघून जातात,” मुलगी म्हणाली. “नाहीतर त्यांना कमी ऐकू येतं असं समजून मोठ्याने बोलतात. बाबांनी आता बाहेर जाणंच सोडलंय. कोणी आलं की आत जाऊन बसतात. परवा डॉक्टर म्हणाले, तब्येतीला काही झालेलं नाही, माणूस आतून मिटत चाललाय.”

आता फोनमध्ये एक सोय आली होती. माणसाचा अर्धा तास स्वच्छ आवाज मिळाला की फोन तो शिकून घेतो, आणि मग तुम्ही टाइप कराल ते त्याच माणसाच्या आवाजात बोलून दाखवतो. फोनमधले तयार आवाज सरांना चालत नव्हते. ‘दुसऱ्याच्या तोंडाने मी बोलणार नाही,’ असं त्यांनी पाटीवर लिहिलं होतं आणि ती पाटी दोन दिवस कोणाला पुसू दिली नव्हती. ऑपरेशनच्या आधी काही वर्षं घसा बसलेलाच होता, त्यामुळे त्या काळातलं काही उपयोगाचं नव्हतं. खणखणीत आवाज होता तो या कॅसेटांमध्ये. सर कधी चित्रात नसत, कारण कॅमेरा दुसऱ्या कोणाच्या हातात ते देत नसत. पण कॅमेऱ्याच्या माइकला सगळ्यांत जवळ तेच.

“घरी एका मित्राच्या कॅमेऱ्यात लावून पाहिलं,” ती म्हणाली. “नुसती चिरचिर ऐकू येते.”

मी तिला दोन-तीन दिवसांनी यायला सांगितलं. माझा अंदाज होता की हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, घाण असेल. दहातल्या आठ कॅसेटांची दुखणी तेवढीच असतात.

हे दुखणं ते नव्हतं. मी पहिली कॅसेट माझ्या मोठ्या मशीनमध्ये लावली. चित्रात एक तळं, कठड्याला टेकून उभी एक बाई आणि फ्रॉकमधली एक मुलगी, दोघींच्या अंगावरून चौकटींची झुंड सरकत होती. आवाज म्हणजे टक टक, मग रातकिडा ओरडल्यासारखं काहीतरी, मग सपशेल शांतता, पुन्हा टक टक. त्यात बोलणं असलंच तर ते चाळणीतून गाळलेलं होतं.

मी हेड पुसलं. माझी स्वतःची तपासणीची कॅसेट लावली, ती सुरळीत चालली. म्हणजे मशीन बरी होती. कॉम्प्युटर बाजूला काढून मशीनलाच हेडफोन लावला, तरी चिरचिर तीच. म्हणजे वायरचा आणि कॉम्प्युटरचा दोष नव्हता. आवाज कमी दर्जाच्या मापात भरलाय हे पडद्यावर दिसत होतं, म्हणून कॉम्प्युटरलाही तेच माप दिलं. त्याने ओठ आणि शब्द यांची चुकामूक थांबली असती, पण मुळात शब्दच नव्हते. दुसरी मशीन, तिसरी कॅसेट, पाचवी कॅसेट, सगळीकडे तोच प्रकार. माझ्या कपाळावर आठ्या पडायला लागल्या. आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात, इतका वेळ माझ्या डोळ्यांसमोर असलेली, दोन अक्षरं मला दिसली. एलपी.

एलपी म्हणजे लाँग प्ले. कॅमेऱ्यात तसा एक पर्याय असायचा. तो निवडला की टेप सावकाश फिरे आणि एका तासाच्या कॅसेटवर दीड तास मावे. एकाच वहीत जास्त मजकूर बसवायला ओळी दाटीने लिहाव्यात, तसं. गंमत अशी की कॅमेऱ्यालाही स्वतःचं अक्षर असतं. ओळी ऐसपैस असल्या तर कोणाचंही अक्षर कोणालाही लागतं. दाटीने लिहिल्या की ज्याचं त्यालाच. म्हणून आम्ही धंद्यातले लोक एलपी हे नाव काढलं की बोटं मोडतो. टेप वाचवण्यासाठी माणसं जन्माच्या आठवणी अशा अक्षरात लिहून ठेवतात आणि मग तो लिहिणाराच हरवून बसतात.

चित्र तरी दिसत होतं, ते मशीनच्या कृपेने. एखादा तुकडा वाचता आला नाही की मशीन मागच्या चित्रातला तुकडा तिथे चिकटवते आणि वेळ मारून नेते. आवाजाला असं ठिगळ लावता येत नाही. तो एकतर असतो किंवा नसतो.

मुलगी आली तेव्हा मी तिला म्हटलं, “ज्या कॅमेऱ्यावर हे घेतलं, तोच कॅमेरा लागेल. त्या कंपनीचा, त्या मॉडेलचा नाही. तोच.”

तिचा चेहरा उतरला. “घर बदललं तेव्हा आईने भंगारात दिला तो.”

“नक्की?”

“आईच म्हणाली.”

मग मी एक उद्योग केला जो शहाण्या माणसाने करू नये. माझ्याकडे एक म्हातारी मशीन आहे, फारशी कामाची नाही. तिच्यात टेपला वाट दाखवणारे दोन छोटे खांब असतात, आणि त्यांची उंची स्क्रूने कमी-जास्त करता येते. मी हेडफोन घालून, बारीक स्क्रूड्रायव्हरने, त्या चांगल्या खांबांना मुद्दाम बिघडवत बसले. त्या हरवलेल्या कॅमेऱ्याचा वाकडेपणा माझ्या मशीनला शिकवायचा, असा विचार. मुलगी काउंटरच्या पलीकडे स्टुलावर बसून होती. स्क्रू केसभर फिरला की चिरचिर वाढे, केसभर उलटा फिरला की कमी होई, आणि एका जागी अचानक एक माणूस बोलला.

“…जूला हो. बाजूला…”

मुलीने तोंडावर हात धरला. मी हेडफोन काढून स्पीकर लावला. पुन्हा टक टक, चिरचिर, आणि मग, “…सरळ उभं… किती वेळा सांगा…”

“हाच,” ती म्हणाली. “हाच आवाज.” आणि ती रडायला लागली. मी तिला पाण्याची बाटली दिली. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मला कधीच कळलेलं नाही, पण पाणी दिलं की निदान हात रिकामा राहत नाही.

तेवढंच मिळालं. टेप पुढे सरकली की तो वाकडेपणा पुन्हा बदलत होता आणि मी त्याच्या मागे धावत होते. सगळी सकाळ घालवून मिनिटभराचे तुकडे हाती आले. अर्ध्या तासाची भूक असलेल्या फोनला त्याचं काय होणार? मी हात टेकले. तिला तसं सांगितलं. तिने कॅसेटा परत नेल्या नाहीत. राहू द्या, म्हणाली, काही सुचलं तर बघा.

तीनेक दिवसांनी दुपारी एक बाई आल्या. साठी-पासष्टीच्या, बारीक अंगाच्या, हातात भाजीची पिशवी. मी त्यांना लगेच ओळखलं. तळ्याच्या कठड्याला टेकून उभी असलेली बाई हीच, फक्त केस आता पांढरे. पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढली आणि टॉवेल सावकाश उलगडला.

“हा तोच का बघा,” त्या म्हणाल्या.

चंदेरी रंगाचा कॅमेरा. एक कोपरा चेपलेला, आणि खालच्या बाजूच्या स्क्रूंची डोकी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने चावून टाकलेली.

“काकू, तुम्ही तर हा भंगारात दिला होता ना?”

“तसं सांगितलं होतं.” त्यांच्या आवाजात ना लाज होती ना ताठा. “चालतोय का ते बघा. आणि चालला तर आधी मला ऐकवा. मुलीला नाही, यांना नाही. मला.”

बॅटरी केव्हाच मेली होती, पण त्या जातीचा अॅडॉप्टर माझ्या खणात होता. कॅमेरा कुरकुरला आणि जागा झाला. त्या स्क्रूंबद्दल मी विचारलं.

“पडला होता एकदा. दुकानात देऊ म्हटलं, तर हे म्हणाले त्यात काय एवढं. जेवणाच्या टेबलावर उघडला. आम्ही दोघी श्वास रोखून बाजूला उभ्या. श्वासानेसुद्धा धूळ उडते म्हणाले.”

म्हणजे आधीच एलपीची दाटी, त्यात सरांनी स्वतःच्या हाताने अक्षर तिरकं केलेलं. दुसऱ्या कोणत्याही मशीनला या कॅसेटा वाचणं शक्यच नव्हतं. मी तळ्याची कॅसेट लावली. पहिल्याच क्षणी आवाज आला, आणि एवढा साफ आला की रस्त्यावरून जाणारा एक माणूस वळून बघायला लागला.

“डावीकडे. आणखी डावीकडे. डावं कळत नाही का? हां. आता हसा. तू नको हसूस, दात दिसतात.”

पडद्यावर कठड्याला टेकलेल्या बाईने ओठ मिटले. माझ्या शेजारच्या बाईने काही केलं नाही.

आम्ही ती कॅसेट बरीच पाहिली. मग वाढदिवसाची, मग नव्या घराची. सर चांगलं बोलत, हे मान्य करायला हवं. शब्द सुटा, स्पष्ट, पोटातून आलेला. आणि प्रत्येक शब्द हुकूम. केक असा नाही, असा काप. पडदा बाजूला कर. मध्ये बोलू नकोस, माइकमध्ये येतं. एके ठिकाणी छोटी मुलगी म्हणाली, “बाबा, आईला पण काहीतरी बोलू द्या ना.” त्यावर कॅमेऱ्यामागून उत्तर आलं, “ती काय बोलणार? बाजूला हो गं, उजेड अडतोय.” मला राग आला. परक्या माणसाच्या जुन्या संसाराबद्दल मला राग यायचं काही कारण नव्हतं, पण आला.

एकदाच तो आवाज मऊ झाला. कॅमेरा बंद आहे असं समजून सरांनी तो मांडीवर ठेवला असावा, चित्रात नुसता पँटचा कपडा दिसत होता. “दमलीस ना राणी?” ते हळूच म्हणाले. “झालं हं. झालं.”

“हे कोणाला म्हणतायत?” काकूंनी विचारलं.

“कॅमेऱ्याला, काकू.”

“हो. मला वाटलंच.”

मी कॅसेट थांबवली. त्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या, टॉवेलाची घडी घालत होत्या, मोडत होत्या.

“नऊ वर्षं घर शांत आहे,” त्या म्हणाल्या. “पहिले काही महिने मलाच कसंतरी व्हायचं. मग सवय झाली. मग आवडायला लागलं. नवऱ्याचा गळा कापलाय आणि बायकोला बरं वाटतंय, हे कोणाला सांगू? मुलीला? ती वडिलांची लाडकी. तिला ओरडायचे नाहीत ते. म्हणून कॅमेऱ्याबद्दल खोटं बोलले.”

“मग आता कशाला आणलात?”

“परवा हे न्हाणीघरात पाय घसरून पडले. मी शेजारच्या खोलीत रेडिओ लावून बसलेले. बादली आपटत होते म्हणे. मला वाटलं वरच्या मजल्यावर काहीतरी ठोकतायत. बऱ्याच वेळाने जाऊन बघते तर…” त्या थांबल्या. “लागलं नाही फारसं. फोन काही न्हाणीघरात नेत नाही कोणी, ते मला कळतं. पण उठवलं तेव्हा त्यांनी मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. तसा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “तुम्ही सांगितलंत की जमत नाही, तर घरचे मानतील?”

“मानतील,” मी म्हणाले. “टेप खराब झाली म्हटलं की विषय संपतो. कोणी पडताळायला येत नाही.” आणि मला मनापासून वाटत होतं की त्यांनी तसंच सांगायला सांगावं. माझ्या तोंडातून ब्रही निघाला नसता.

काकूंनी टॉवेलाची शेवटची घडी घातली आणि तो पिशवीत ठेवला. कॅमेरा ठेवला नाही. “उतरवा सगळं,” त्या म्हणाल्या. “फक्त फोनमध्ये भरायच्या आधी यांना इथे बसवून ऐकवा. निवडून नाही, सगळं.”

काम सोपं झालं. कॅमेरा तापायचा म्हणून मध्ये मध्ये त्याला विश्रांती द्यावी लागे, एवढंच. जिथे जिथे सरांनी चित्रण थांबवून पुन्हा सुरू केलं होतं तिथे एक ‘टक’ येत होतं, ते मी एकेक करून काढलं. मुलीने फोनच्या सूचना मला पाठवल्या होत्या. त्यात एक अट अशी होती की आवाज एकट्याच माणसाचा हवा, मध्ये दुसरं कोणी बोललेलं चालणार नाही. बाकीच्या घरांत याच अटीने माझ्या नाकी नऊ आले असते. सगळे एकदम बोलतात, हसतात, एकमेकांची वाक्यं तोडतात. इथे तासच्या तास एकच माणूस बोलत होता. कुठे चुकून दुसरा आवाज आला तर तेवढा तुकडा मी कापून वेगळा ठेवला. टाकून द्यायचे तुकडे मी लगेच टाकत नाही, गिऱ्हाईक समोर असताना टाकते.

ठरल्या दिवशी तिघं आली. सर उंच, गळ्याभोवती रुमाल, हातात पाटी. दुकानात शिरताना त्यांनी काउंटर, वायरी, मशिनी यांच्यावरून अशी नजर फिरवली की माझा हात नकळत एक वायर सरळ करायला गेला. कॅमेरा त्यांना टेबलावर दिसला. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान फिरवली नाही. सर पाटीवर काही लिहिणार होते, पण तेवढ्यात मुलीने मला सुरू करायला सांगितलं.

“डावीकडे. आणखी डावीकडे.”

सरांची पाठ आपोआप सरळ झाली. बसल्या जागी त्यांचे खांदे मागे गेले, हनुवटी वर आली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही. मुलगी त्यांचा हात धरून हसत होती. मलाही क्षणभर बरं वाटलं. कोणाचंही काही हरवलेलं परत मिळताना बघणं बरं असतं, मग तो माणूस कसाही असो.

“तू नको हसूस, दात दिसतात.”

मुलीचं हसू तिथेच अडकलं. तिने आईकडे पाहिलं. काकू पडद्याकडे बघत होत्या. सर बसूनच होते, पण खांदे खाली यायला लागले. केक कापला गेला, पडदा सरकवला गेला, धांदरट कुठली, असं कोणीतरी कोणालातरी म्हणालं. सरांनी पाटी उचलली. ‘पुढे,’ त्यांनी लिहिलं. मी पुढे नेलं. “मध्ये बोलू नकोस, माइकमध्ये येतं.” सरांनी त्याच शब्दाखाली पेन आपटलं, ‘पुढे’. मी दुसरी कॅसेट लावली, तिसरी लावली. “ती काय बोलणार?” स्पीकरमधला माणूस म्हणाला. त्यानंतर सरांनी पुढे न्यायला सांगितलं नाही. मी आपण होऊन थांबवलं नाही, कारण सगळं ऐकवायचं असं मला सांगितलं होतं.

शेवटची कॅसेट संपली तेव्हा सरांनी पाटी पुसून लिहिलं, ‘एवढंच आहे?’

“एवढंच आहे, सर. सगळं तुमच्यापुढे ठेवलंय.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं, पण जे टेपवर नाही ते मी कुठून आणणार? मग त्यांनी मोठ्या, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा अक्षरांत लिहिलं, ‘पुसून टाका. हा आवाज नको.’

“बाबा, असं काय करताय?” मुलगी म्हणाली. “इतक्या मुश्किलीने मिळालाय. तुम्ही आता काय बोलायचं ते तुम्हीच—”

सरांनी पाटी तशीच माझ्यासमोर धरली. हुकूमच तो.

“पुसू नका,” काकू म्हणाल्या.

त्या मला म्हणाल्या, पण मग नवऱ्याकडे वळल्या. “अहो, मला विचारलंत? लाज वाटली तरी तुम्हीच ठरवणार. कॅमेरा मी आणून दिलाय. मला नको असता तर आणलाच नसता, तुम्हाला कधी कळलंही नसतं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “तुमचा आवाज आहे, घरी न्या. मी आता त्याला भीत नाही. त्याच्या तोंडी काय घालायचं ते तुम्ही बघा.”

सरांनी पाटी खाली घेतली. लिहिलेलं तळहाताने पुसलं, हात काळा झाला तरी पुसत राहिले.

काकू माझ्याकडे वळल्या. “यात माझा आवाज किती आहे हो?”

मी खोटं सांगू शकले असते, पण तुकडे माझ्यासमोरच होते.

“सगळे मिळून मिनिटभर होत नाही, काकू.”

“तेवढा लावा.”

मी कापलेले तुकडे ओळीने जोडले आणि लावले. माइकपासून लांबचा, बारीक आवाज, खाली खरखर. “आले.” मग, “हो.” मग पुन्हा, “हो.” “बरं.” “धरते.” “राहू दे, मी करते.” आणि सगळ्यात लांब वाक्य, बहुधा तळ्याकाठचंच. “मी कुठे उभी राहू?”

“एवढा बारीक होता?” काकूंनी विचारलं.

“वाढवता येईल तेवढा वाढवलाय,” मी म्हणाले. “याच्या वर नुसती खरखर येते.”

बाहेर एक ट्रक मागे येत होता आणि झेरॉक्सवाला कोणालातरी हाका मारत होता. सर उठले. त्यांनी दुकानाचं काचेचं दार ओढून घट्ट लावलं आणि तिथेच, दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी मला बोटाने खूण केली. मी काकूंचा आवाज पुन्हा पहिल्यापासून लावला.